ताईच्या खाचरातला कोळसा

भात संशोधन केंद्रात सगळे त्याला तोळामासा म्हणत. एक तर अंगकाठीच तशी होती. जोराचा वारा सुटला की लोक त्याला खिशात दोन दगड ठेवायचा सल्ला देत. दुसरं कारण म्हणजे त्याचं काम. सव्वीस वर्षं तो तिथल्या वजनखोलीत बसून तोलत आला होता. कापणी झाली की शेतातून खाकी कागदाच्या पिशव्या यायच्या, प्रत्येकीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. तो दाणे वेगळे तोलायचा, पेंढा वेगळा तोलायचा, हजार दाणे मोजून त्यांचं वजन घ्यायचा आणि सगळं निळ्या शाईनं वहीत उतरवायचा. कोपऱ्यात पेंढा सुकवायची भट्टी होती, त्यामुळे खोलीला बारा महिने तापल्या गवताचा वास. त्याच्या आकड्यांवर केंद्रातली किती माणसं डॉक्टर होऊन गेली याची गणतीच नव्हती. आकड्यांचं पुढे काय होतं हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं.

सवय मात्र अंगात मुरली होती. चहात साखर घालण्याआधी तो चमचा डोळ्यांसमोर धरून बोटानं सपाट करायचा. एकदा जेवताना तो सहज बोलून गेला, "आज मीठ दोनेक ग्रॅम जास्त पडलंय," आणि त्या दिवसापासून बायकोनं स्वयंपाकघरातला काटा कुठे ठेवलाय ते त्याला आजतागायत सापडलेलं नाही.

केंद्रात नव्या मॅडम आल्या. वयानं त्याच्या मुलीसारख्या, पण कामाला वाघ. त्यांनी एक प्रयोग लावला होता: भाताचं तूस कमी हवेत भाजायचं, त्याचा कोळसा करायचा, तो खाचरात मिसळायचा आणि युरिया नेहमीपेक्षा कमी द्यायचा. त्याला त्या बायोचार म्हणत. कापणीनंतर पिशव्या वजनखोलीत आल्या. तोळामाशानं त्या नेहमीसारख्या तोलल्या, आकडे लिहिले आणि चष्मा काढून परत घातला. कमी युरियाच्या पिशव्या भरपूर युरियाच्या पिशव्यांपेक्षा हलक्या भरल्या नव्हत्या. त्यानं काटा पुसला, शून्यावर आणला, परत तोलल्या. तेच.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं वहीतला आकडा घरी नेला, म्हणजे डोक्यात. कारण त्याला आपली ताई आठवली.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. वडिलांच्या मागे त्यांची भातशेती तीच बघायची. सायकलीनं वीस मिनिटांवर, कालव्याच्या कडेला सहा सारखी खाचरं होती. ताईचं युरियावर जिवापाड प्रेम होतं. पीक हिरवं दिसलं नाही की तिला घास गोड लागत नसे. बांधावरून चालत, कमरेच्या ओटीतून मूठमूठ युरिया ती अशी फेकायची की बघणाऱ्यानं बघत राहावं. आठवडाभरात खाचर हिरवं, मग गर्द हिरवं, मग जवळजवळ काळं. येणारेजाणारे थांबून म्हणत, "वा!" आणि ताई काहीच ऐकलं नाही असं दाखवत पदर सारखा करायची. दाणे भरायच्या सुमाराला मात्र दरवर्षी वारा सुटे आणि ते उंच, मऊ, लाडावलेलं पीक जमिनीवर लोळण घेई. त्याला ती वाऱ्याचा दुष्टपणा म्हणायची.

"ताई," तोळामासा एका रविवारी म्हणाला, "यंदा तीन खाचरं मला दे. त्यात कोळसा घालू आणि युरिया निम्मा."

ताई तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं.

"छोट्या, बरा आहेस ना?" पंचावन्न वर्षांचा झाला तरी तो तिचा छोट्याच होता. "कोळसा चुलीत घालतात. शेतात घालायला काय, भात तिथेच शिजवायचाय?"

"केंद्रात मी स्वतः तोललंय."

"तोललंयस. पेरलंयस कधी?"

हा घाव बरोबर बसला. त्याच्या नखांत माती गेल्याला तीस वर्षं झाली होती. पण शेवटी ताई मऊ झाली. वडिलांच्या शेतात भाऊ आपण होऊन पाय टाकतोय, हेच तिला फार होतं. तिनं कालव्याकडची तीन खाचरं त्याला दिली, आणि तीही अशा आवाजात, जणू तीन मुलं आजोळी पाठवते आहे.

कोळसा करायचा तर आधी तूस हवं. ते गिरणीत फुकट मिळत होतं. एका जुन्या पत्र्याच्या डब्याला सगळीकडून भोकं पाडायची, वर धुराचं नळकांडं बसवायचं, डब्यात काटक्या पेटवायच्या आणि भोवती तुसाचा ढीग रचायचा. ढीग आतून बाहेर काळा होत येतो. सगळा काळा झाला की लगेच पसरून पाणी मारायचं. हे सगळं मॅडमनी सांगितलं होतं. "लगेच" या शब्दावर त्यांनी दोनदा जोर दिला होता, तेही त्यानं लिहून घेतलं होतं.

पहिल्या खेपेला त्यानं घराच्या परसात दहा पोती तुसाचा ढीग लावला. धुरानं शेजारणीचे वाळत घातलेले कपडे राखाडी झाले. ढीग बाहेरून काळा होत आला, तेवढ्यात बायकोनं जेवायला हाक मारली. तो गेला, सावकाश जेवला, हात पुसत बाहेर आला तर काळ्याचं पांढरं झालेलं. आत विस्तव राहिला होता आणि कोळसा जळून नुसती राख उरली होती.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, हे बरं केलंत," ती म्हणाली. "पुढची वीस वर्षं राखुंडी विकत आणायला नको."

दुसऱ्या खेपेला तो उपाशी बसून राहिला आणि कोळसा झाला. हलका, काळाभोर, हातात घेतला तर तुसाचा आकार जसाच्या तसा. त्यानं तो तोलला, तीन समान वाटे केले, सायकलवरून पाच फेऱ्यांत शेतावर नेला. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात ओळखू येत होते. बायकोनं त्याला दाराबाहेरच दोन बादल्या पाण्यानं धुतलं.

लावणी झाली. ताईची तीन खाचरं नेहमीप्रमाणे हिरवी व्हायला लागली. तोळामाशाची तीन खाचरं पिवळी पडत गेली. नुसती फिकी नाही, आजारी माणसाच्या डोळ्यांसारखी पिवळी. रस्त्यावरून पंपदुरुस्तीवाला जायचा, त्याचं शेत पलीकडेच होतं. त्यानं एकदा सायकल थांबवून विचारलं, "ताई, ही तीन खाचरं आधीच पिकली का?"

ताई बांधावरचं तण उपटायला लागली. तोळामाशाला तिनं एकदाही टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. कापणीला त्याच्या खाचरांतून जे निघालं ते तोलताना पहिल्यांदाच त्याला काटा बघवला नाही. तरी त्यानं आकडा लिहिला. निळ्या शाईनं, तीनही.

आठ दिवस विचार करून तो मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. सगळं सांगितलं.

मॅडमनी विचारलं, "काका, कोळसा नुसताच टाकलात?"

"नुसताच म्हणजे? तोलून टाकला."

मॅडमना हसू आवरेना. "अहो, नवा कोळसा उपाशी असतो. त्याच्या अंगावर हजार भोकं. जमिनीतलं नत्र तो आधी स्वतःकडे ओढून घेतो आणि भाताला उपास घडवतो. त्याला आधी जेवू घालून मग शेतात न्यायचं. गोठ्यातलं पाणी, शेण, थोडा युरिया यांत पंधरा दिवस भिजवायचा. आमच्या प्रयोगात तेच केलं होतं. आणि युरिया एकदम निम्म्यावर नका आणू. पाऊण द्या, तीन हप्त्यांत."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत," मॅडम म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि आम्हीही सांगायला हवं होतं."

त्यांनी त्याला पानांचा रंग बघायची एक पट्टी दिली. हातभर नव्हे, वीतभर; फिक्या पोपटीपासून गर्द हिरव्यापर्यंत रंगांच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला आकडा. पान पट्टीवर धरायचं आणि जुळेल तो आकडा वाचायचा. आकडा म्हटल्यावर तोळामाशाच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या वर्षी ताईकडे परत तीन खाचरं मागायला जाताना त्यानं वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं. ताईनं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "घे की. शेत काय पळून जातंय?" एवढंच म्हणाली आणि गोठ्यामागच्या हौदाकडे बोट दाखवलं. तिनं हौद आधीच घासून ठेवला होता. हौदात कोळसा पंधरा दिवस भिजला. त्याचा असा काही वास सुटला की पंपदुरुस्तीवाला आठवडाभर दुसऱ्या रस्त्यानं गेला.

या खेपेला पीक पिवळं पडलं नाही. ताईच्या खाचरांइतकं गर्दही नव्हतं, मध्यम हिरवं, शहाण्या मुलासारखं. दर रविवारी तोळामासा पट्टी घेऊन यायचा, दहा ठिकाणची पानं बघायचा. तीन, साडेतीन, साडेतीन. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे एवढंच हवं होतं. आणि मग एका रविवारी पट्टी चार दाखवायला लागली. पुढच्या रविवारी साडेचार. त्याच्या पुढच्याला पाच.

तोळामासा सायकलवरून घरी गाणं गुणगुणत आला. बायकोनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. सोमवारी तो मॅडमना म्हणाला, "पाऊण युरियात पाच! केंद्रातसुद्धा असं झालं नाही." मॅडमच्या कपाळावर आठी पडली, पण त्या म्हणाल्या, "बघायला येते."

त्या यायच्या आदल्या दिवशी वारा आला. तोळामासा मॅडमना घेऊन शेतावर पोचला तेव्हा सहाच्या सहा खाचरं आडवी झाली होती. ताईची तर झालीच होती, पण त्याची तीन जास्त. उंच वाढलेली ताटं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पाण्यात पडली होती.

तो बांधावर बसला. मॅडम वाकून एक ताट बघत होत्या. "काका, हे पाऊण युरियाचं पीक नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मॅडम, मी प्रत्येक हप्ता तोलून दिलाय. ग्रॅमचा फरक नाही."

ताई मागे उभी होती. पाण्याचा तांब्या हातात, पण द्यायचं भान नाही. शेवटी तिचा आवाज आला, तोही तांब्याकडे बघत.

"मी घातला."

"काय?"

"युरिया. तू कामावर गेलास की दुपारी. अरे, माझी पोरं शेजारी जेवून ढेकर देतायत आणि तुझी फिकी पडून बघतायत, हे मला रोज बघवेना. आणि गेल्या साली तू कापणी तोलताना तुझा चेहरा मी बघितला होता, छोट्या. परत बघायचा नव्हता."

मॅडमनी दुसरीकडे पाहिलं. तोळामासा चिडेल असं ताईला वाटलं, मॅडमनाही वाटलं, आणि खरं तर त्यालाही वाटलं. पण इतक्या वर्षांची सवय रागाच्या आधी पोचली. त्यानं खिशातून वही काढली.

"किती मुठी?"

"आँ?"

"एका खाचरात किती मुठी घातल्यास? कितीदा?"

"बारा. तीनदा." ताई क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "आणि माझ्यांत वीस-वीस, तीनदा. दरसाल तेवढ्याच."

"मूठ म्हणजे किती?"

"मूठ म्हणजे मूठ!"

तो उठला, सायकलला अडकवलेल्या पिशवीतून छोटा काटा काढला आणि ताईच्या ओसरीवर मांडला. युरियाचं पोतं ओढून आणलं. "घाल मूठ," म्हणाला. ताईनं मूठ भरून ताटलीत सोडली. बावन्न ग्रॅम. "परत." बावन्न. "परत." एक्कावन्न. "परत." त्रेपन्न. दहा वेळा झालं. ताई वैतागून म्हणाली, "शिक्षा करायची तर सरळ कर ना!" पण तोळामासा तिच्या तळहाताकडे बघत राहिला होता. भेगा पडलेला, रुंद, अंगठ्याखाली घट्टा पडलेला हात. त्यानं स्वतः दहा मुठी भरून बघितल्या. तीस, एकोणपन्नास, अडतीस, चव्वेचाळीस. मॅडमनी भरल्या, त्यांचंही तसंच.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्या हातात काटा आहे."

"आहे तर आहे," ताई म्हणाली. पण दोन्ही कान लाल झाले होते.

त्यानं तिथेच हिशेब मांडला. ताईच्या खाचरांना प्रत्येकी तीन किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याच्या खाचरांना त्याचा स्वतःचा पाऊण डोस आणि वर ताईच्या मुठी मिळून साडेतीन किलो.

"म्हणजे माझ्यांना तुझ्यांपेक्षा चारशे ग्रॅम जास्त गेला!"

"मग?" ताई म्हणाली. "धाकटा ना तू."

मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना ओसरीच्या खांबाला धरावं लागलं. त्या दिवशी तोळामाशानं वहीत सगळं लिहिलं: तारखा, मुठी, वजनं, वारा, लोळलेलं पीक. काहीच लपवलं नाही. मॅडमनी ते पान वाचून सांगितलं की केंद्राच्या नोंदींत इतकं खरं पान त्यांनी अजून बघितलेलं नाही. आणि पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला काय वाटतं? पुढे काय करावं?"

त्याला या प्रश्नाची सवय नव्हती. त्यानं काटा पुसला, शून्यावर आणला. मग म्हणाला, "युरिया ताईच टाकेल. मी फक्त मोजेन."

तिसऱ्या वर्षी तसंच ठरलं. भिजवलेला कोळसा कालव्याकडच्या तीन खाचरांत, आणि तिथे प्रत्येकात तीन हप्त्यांत मिळून युरियाच्या बत्तीस मुठी: अकरा, अकरा, दहा. ताईनं शब्द दिला आणि पाळला, पण किती कष्टानं! त्या तीन खाचरांजवळून जाताना ती मान वळवून कालव्याकडे बघत चालायची. एकदा तशीच चालता चालता बांधावरून घसरून पाण्यात बसली. रंगाची पट्टी आता तिच्याकडेच असायची. रविवारी तोळामासा पोचायच्या आत आकडे तयार असत. "साडेतीन आहे," ती कोरड्या आवाजात सांगायची, डॉक्टरनं पथ्य सांगितलेल्या माणसासारखी. "साडेतीनच आहे. ठीक आहे म्हणायचं."

वारा त्याही वर्षी आला. ताईच्या तीनपैकी दोन खाचरं लोळली, तिसरं निम्मं. कोळशाची तिन्ही कलली, पण उभी राहिली. कापणी तोलली तेव्हा कोळशाच्या प्रत्येक खाचरात शेजारच्यापेक्षा तीनचार किलो जास्त भरलं, एकात तर सात. फार मोठा चमत्कार नव्हता. तोळामासा प्रत्येकाला तेच बजावत होता: एका वर्षानं काही सिद्ध होत नाही, माती वेगळी तर गोष्ट वेगळी. पण त्याचं कोण ऐकतो? बांधावर ताई उभी होती आणि पंपदुरुस्तीवाल्याला समजावत होती.

"कोळसा उपाशी असतो, कळलं का? आधी त्याला जेवू घालायचं. मग तो युरिया धरून ठेवतो आणि भाताला मागेल तसा देतो. पाण्याबरोबर वाहून जात नाही. हे मला विचार."

"आणि हे?" पंपदुरुस्तीवाल्यानं तोळामाशाकडे बोट केलं.

"तो? तो तोलतो," ताई म्हणाली.

तोळामासा निवृत्त झाला तेव्हा केंद्रानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मॅडमनी एक काम. आसपासच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी कोळसा भिजवण्याचं आणि युरिया पाऊण करण्याचं माहितीपत्रक काढलं होतं. त्यात खताचं माप मुठीत दिलं होतं, आणि पहिली ओळ होती: आधी आपली मूठ तोलून घ्या. पण घरोघरी काटा कुठून येणार? म्हणून आता तोळामासा सायकलला काटा लावून फिरतो आणि लोकांच्या मुठी तोलतो. पंपदुरुस्तीवाल्याची मूठ शहाऐंशी भरली. त्याच्या शेतात एवढी वर्षं काय चाललं होतं ते त्याला तेव्हा कळलं. एका म्हातारीची एकोणतीस. ती म्हणाली, "म्हणूनच सून म्हणते, तुम्ही खत घालता की दृष्ट काढता!" लोक आपापला आकडा लक्षात ठेवतात, एकमेकांना अभिमानानं सांगतातही. बावन्नवर मात्र ताईचा हक्क आहे, दुसऱ्या कुणाची बावन्न भरली की तिला आवडत नाही.

आता सहाही खाचरांत कोळसा आहे. भावंडांचं भांडण मिटलंय असं मात्र नाही. तोळामाशानं मॅडमकडून ऐकलं की हा कोळसा जमिनीत शेकडो वर्षं राहतो. त्यानं ते ताईला कौतुकानं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग दरसाल मला धुरात बसवून नवा कशाला करवून घेतोस?"

तो केंद्रात जाऊन विचारून आला. मॅडमनाही नक्की सांगता येईना. म्हणाल्या, तुमच्याच मातीत बघायला हवं. तेव्हा यंदा एका खाचरात नवा कोळसा घातलेला नाही. ताई म्हणते काही फरक पडणार नाही, तोळामासा म्हणतो पडेल. कापणीला अजून पाच आठवडे आहेत. बायकोनं दोघांनाही सांगून ठेवलंय, जो हरेल त्यानं पुढच्या वर्षी शेजारणीचे कपडे धुवायचे.